मनाच्या दुखण्याची नोंद कोण ठेवणार?

पाचेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी दोनच्या सुमारास गर्दी ओसरल्यावर मूर्तिजापूरच्या माझ्या दवाखान्यात एक तरुण मानसोपचारतज्ज्ञ भेटायला आले. आपल्याच भागातले, कास्तकाराच्या घरातले, एम.डी. होऊन परत आलेले. त्यांची मागणी साधी होती. माझ्याकडे येणाऱ्या दर दहाव्या रुग्णाला, त्याची संमती घेऊन, नऊ प्रश्न विचारायचे. झोप कशी आहे, भूक लागते का, कामात मन रमते का, जगणे नकोसे वाटते का, अशा स्वरूपाचे. सहा महिने हे करायचे आणि ताप, खोकला, पोटदुखी म्हणून जनरल प्रॅक्टिशनरकडे येणाऱ्यांपैकी किती जणांना खरे तर नैराश्याचा आजार आहे ते पाहायचे. या कामासाठी त्यांना कोणी पैसे दिलेले नव्हते. प्रश्नावलीच्या झेरॉक्स त्यांनी स्वतःच्या खर्चाने काढल्या होत्या.

मी त्यांना चहा पाजला आणि "बघू" म्हणून वाटेला लावले. मनात हिशेब असा होता की, माझ्याकडे "डोक्याच्या डॉक्टरचा माणूस" बसतो अशी बातमी गावात पसरली तर उद्या रुग्ण समोरच्या दवाखान्यात जातील. शिवाय वेळ कोणाला आहे? पुढे कळले की आणखी दोघा-तिघा डॉक्टरांनीही त्यांना असेच "बघू" म्हटले होते. ते काम तिथेच थांबले.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी माझ्या एका रुग्णाने आयुष्य संपवले. दर्यापूर रस्त्यावरच्या खेड्यातला, चाळिशीतला कास्तकार. काही महिन्यांनी त्याची बायको मुलीचा ताप दाखवायला आली तेव्हा सहज बोलून गेली, "पोटाचं तं निमित्त होतं, डॉक्टरसाहेब. झोपच नव्हती त्याईले. रातभर आंगनात फिरत राहे." ती गेल्यावर मी जुने रजिस्टर काढले. शेवटच्या वर्षात तो माझ्याकडे अकरा वेळा आला होता. अकराही नोंदी माझ्याच अक्षरात आहेत: पोटात जळजळ, गॅस, अशक्तपणा. अॅसिडिटीच्या गोळ्या, बी-कॉम्प्लेक्स, दोनदा सलाईन. झोपेबद्दल एक शब्द नाही.

ते नऊ प्रश्न विचारले असते तर तो वाचला असता, असे मी म्हणणार नाही. एका माणसाबद्दल असे कोणी सांगू शकत नाही. पण अशा हजार माणसांना प्रश्न विचारले, त्यांतल्या आजारी माणसांना उपचार दिले, तर किती वाचतात, हे सांगता येते. त्यालाच संशोधन म्हणतात. आणि ते आपल्या वऱ्हाडात का होत नाही, जे होते ते कशामुळे होते, याविषयी या आठवड्यात लिहायचे आहे. आजाराची लक्षणे आणि औषधे यांवर या सदरात पुष्कळ लिहून झाले. ही माहिती मुळात येते कुठून, याकडे आपले लक्ष जात नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बंगलोरच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. नैराश्य, चिंतारोग यांसारख्या नेहमीच्या मानसिक आजारांचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचाराविना राहतात, हा वारंवार सांगितला जाणारा आकडा त्यातलाच. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. गुजरात होते, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होते. महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या तिन्ही बाजूंची राज्ये त्यात आहेत आणि ज्या राज्यातल्या शेतकरी आत्महत्यांवर संसदेत चर्चा होतात ते राज्य नाही. अकोल्या-अमरावतीत भाषण करताना आम्ही डॉक्टर मंडळी जे आकडे फेकतो, ते बहुतेक शेजाऱ्यांकडून उसने आणलेले असतात.

मग आपल्याकडे काहीच नोंद नाही का? आहे, पण ती वेगळ्या कारणासाठी ठेवलेली आहे. अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयात २००१ पासून शेतकरी आत्महत्यांची नोंद होते. प्रत्येक प्रकरणापुढे "पात्र" किंवा "अपात्र" असा शेरा पडतो. शेत नावावर होते का, नापिकी होती का, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकले होते का, वसुलीचा तगादा होता का, हे तलाठी-तहसीलदार तपासतात, जिल्हाधिकाऱ्यांची समिती निर्णय घेते आणि पात्र ठरलेल्या कुटुंबाला २००६ मध्ये ठरलेली एक लाख रुपयांची मदत मिळते. मदत द्यायची तर निकष हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण या निकषांचा मानसोपचारतज्ज्ञाच्या कामावर काय परिणाम होतो ते पाहा.

आत्महत्येचा अभ्यास करण्याची एक पद्धत आहे. तिला मानसशास्त्रीय शवचिकित्सा म्हणतात. नाव भयंकर आहे, काम हळुवार आहे. गेलेल्या माणसाच्या बायकोशी, भावाशी, मित्राशी सावकाश बोलायचे आणि शेवटच्या महिन्यांत त्याची झोप, भूक, दारू, बोलणे, भांडणे, देणी कशी होती ते जुळवत जायचे. त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, हयात असलेल्या माणसाची तशीच माहिती घ्यायची आणि दोन्ही ताडून पाहायची. वर्ध्याकडे डॉ. प्रकाश बेहेरे आणि डॉ. माणिक भिसे यांनी या पद्धतीने शेतकरी आत्महत्यांचा अभ्यास केला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्थिक अडचण, मानसिक आजार आणि आयुष्यातले ताणाचे प्रसंग या तिन्ही गोष्टी त्यांना महत्त्वाच्या आढळल्या.

आता असा एखादा डॉक्टर आपल्या खेड्यातल्या घरी गेला अशी कल्पना करा. घरात तेराव्याचे कार्य नुकतेच झालेले. मदतीचा प्रस्ताव तहसीलमध्ये पडून. डॉक्टर विचारतात, "ते पीत होते का? आधी कधी डोक्याचा त्रास होता का?" त्या बाईने खरे का सांगावे? दारूचे किंवा आजाराचे नाव निघाले तर प्रकरण "अपात्र" होईल, ही भीती तिला असते आणि गावातले शहाणे लोक तिला तसे बजावूनही ठेवतात. समोरचा माणूस सरकारी की संशोधक, हे तिला कसे कळणार? तिच्या दृष्टीने पेन आणि फॉर्म घेऊन येणारा प्रत्येक जण सारखाच. म्हणून ती म्हणते, "नाही जी, कर्जच होतं फक्त." संशोधकाच्या कागदावर कर्ज येते, आजार येत नाही. यात कोणी खोटारडे नाही. लाख रुपये आणि सत्य यांतले एक निवडायची वेळ आपण तिच्यावर आणली आहे. मदत आणि मृत्यूची कारणमीमांसा या दोन गोष्टी शासनाने एकमेकींपासून तोडायला हव्यात. आजार असला तरी, दारू असली तरी, नापिकी आणि कर्ज असेल तर मदत मिळेल, एवढे एक वाक्य शासन निर्णयात स्पष्ट लिहिले तर त्या घरातून खरी माहिती बाहेर येईल. माझ्या मते संशोधनाला याहून मोठे आणि याहून स्वस्त साहाय्य दुसरे नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो आदराने ऐकला पाहिजे. शेतकरी चळवळीतले माझे मित्र म्हणतात, "कापसाला भाव द्या, आत्महत्या थांबतील. तुम्ही मानसोपचारवाले कास्तकारालाच पेशंट ठरवता आणि सरकारला मोकळे करता." यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. भाव हा प्रश्न गोळीने सुटत नाही. पण त्याच गावात, त्याच भावात, तेवढेच कर्ज असलेले दहा जण असतात. बोंडअळी दहाही जणांच्या पऱ्हाटीवर पडते. त्यांतला एकच का जातो आणि नऊ कसे तगतात? तगणाऱ्यांपाशी असे काय असते? भाऊबंद, बचत गट, जोडधंदा, की रात्रीची झोप? हे शोधले तर भावाची मागणी लंगडी होत नाही. उलट नापिकीच्या वर्षी नैराश्य किती वाढते हे आकड्यांनी दाखवता आले, तर तीच मागणी जास्त जोराने करता येईल.

आपल्या जिल्ह्यात चांगले काम झालेच नाही असेही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० खेड्यांत "विश्राम" नावाचा कार्यक्रम दीड वर्ष चालला. विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्राम या इंग्रजी नावाचे ते लघुरूप, पण शब्द आपला झाला. पैसा टाटा ट्रस्टचा होता. डॉ. राहुल शिधये हे मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचे मोजमाप केले आणि २०१७ च्या "लॅन्सेट सायकियाट्री" या जगन्मान्य नियतकालिकात ते छापून आले. गावातलेच कार्यकर्ते तयार करायचे, छोट्या बैठका घ्यायच्या, ताण-टेन्शन या शब्दांत लोकांशी बोलायचे, ज्याला गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि त्याहून जास्त त्रास असेल त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे, अशी पायऱ्यांची रचना होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी जेमतेम ४ जण (४.३ टक्के) कुठे तरी उपचार घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्के झाले. म्हणजे सहापट. गेल्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आले असे सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्क्यांवर आले. ही तुलना आधी आणि नंतर अशी आहे, शेजारच्या दुसऱ्या गावांशी केलेली नाही, तेव्हा सारे श्रेय कार्यक्रमालाच द्यावे की नाही यावर तज्ज्ञ वाद घालू शकतील. तरीही आपल्या मातीतून निघालेली ही माहिती आहे आणि जगभरचे लोक ती वाचतात.

जगभरचे वाचतात, हेच तर दुखणे आहे. मी हा कार्यक्रम माझ्या ओळखीच्या दहा-बारा डॉक्टरांना विचारून पाहिला. दोघांना माहीत होता. ज्या जिल्ह्यात हे घडले त्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांपर्यंत निष्कर्ष पोचला नाही, मग गावांपर्यंत कुठून पोचणार? प्रकल्प येतो, दोन-तीन वर्षे गाड्या फिरतात, मुलामुलींना नोकऱ्या लागतात, प्रश्न विचारले जातात आणि पैसे संपले की सारे थांबते. लोकांनी आपल्या घरातली सर्वांत झाकलेली गोष्ट सांगितलेली असते. तिचे पुढे काय झाले हे त्यांना कोणी सांगत नाही. पुढच्या वेळी दुसरा संशोधक येतो तेव्हा दार अर्धेच उघडते. संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थांनी एक अट घालावी, निष्कर्षाची दोन पाने मराठीत काढून ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही.

भाषेचाही प्रश्न आहे, आणि तो वरवर दिसतो तेवढा किरकोळ नाही. नैराश्य मोजण्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे पीएचक्यू-९, त्या तरुण डॉक्टरांनी आणलेली. मुळात ती अमेरिकेत तयार झाली. तिचे मराठी पुण्या-मुंबईच्या वळणाचे असते. "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास वाटले का?" असे आमच्या कास्तकाराला विचारले की तो हसतो. "उदास व्हाले टाइम कुठी हाय, साहेब?" कागदावर शून्य गुण पडतात. तोच माणूस दोन मिनिटांनी सांगतो, "जीवच लागत नाही कशात. वावरात जातो आन् धुऱ्यावर बसून राहतो." किंवा "डोकं जड रायते", "काळीज धडधड करते", "हातापायातली ताकदच गेली". बाया "बाहेरचं असंल" म्हणतात. मनाचे दुखणे आपल्याकडे अंगातून बोलते. मेळघाटात तर मराठीचाही उपयोग मर्यादित. तिथे कोरकू आली पाहिजे आणि भूमकाचा विश्वास मिळवला पाहिजे. आजारी माणूस आधी त्याच्याकडेच जातो.

म्हणून प्रश्नावली आधी इथल्या बोलीत घडवणे, ती पन्नास-शंभर लोकांवर तपासणे, हेच मुळात वर्षभराचे संशोधन आहे. ते करायला पैसे मिळत नाहीत, कारण त्यातून रोग बरा झाल्याचा आकडा निघत नाही. आणि हे काम बाहेरून आलेल्या विद्वानाला जमणार नाही. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात बसणाऱ्यालाच जमेल.

संमतीचे पाहा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ९९ सांगते की, मानसिक आजारी व्यक्तीवर कोणतेही संशोधन करायचे, साधी मुलाखत घ्यायची तरी, तिची मोकळी आणि माहितीपूर्ण संमती हवी. ती देण्याच्या स्थितीत रुग्ण नसेल तर राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. कायदा योग्यच आहे. मनोरुग्णांना मुकी जनावरे समजून त्यांच्यावर काहीबाही करण्याचे दिवस जगाने पाहिलेले आहेत. पण सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊन ज्याच्या आजाचे वावर गेले, त्याच्यापुढे तुम्ही तीन पानी छापील संमतिपत्र ठेवता आणि खाली सही मागता, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर काय येत असेल? अशा वेळी आशा कार्यकर्ती जवळ बसली तर काम होते. ती गावची सून असते, तिने त्या घरातले बाळंतपण पाहिलेले असते. २०१५ मध्ये राज्य शासनाने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तेव्हा निराश शेतकरी शोधण्याचे काम आशांकडेच दिले होते. वऱ्हाडात संशोधनाला सर्वांत मोठा आधार कोणता, असे मला विचाराल तर मी परदेशी निधीच्या आधी आशाताईंचे नाव घेईन. फक्त त्यांना आणखी एक फुकटचा फॉर्म भरायला देऊ नये. कामाचे दाम द्यावे.

आता खुद्द मानसोपचारतज्ज्ञाकडे वळू. देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पडत नाही. जिल्हा पातळीवरच्या सरकारी मानसोपचारतज्ज्ञाची सकाळ बाह्यरुग्ण विभागात जाते. दुपारी अपंगत्वाचे दाखले, कोर्टाची पत्रे, पोलिसांनी आणलेले बेवारस रुग्ण, मग तालुक्याची शिबिरे, प्रशिक्षणे, मासिक अहवाल. अशा माणसाला "तुम्ही संशोधन का करत नाही?" असे विचारणे म्हणजे भर डवरणीत कास्तकाराला निबंध लिहायला सांगण्यासारखे आहे. खासगी व्यवसाय करणाऱ्याचे वेगळे. अमरावती-अकोल्यात आता चांगले खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, पण संशोधनाचा प्रत्येक तास त्यांना पदरमोड करून काढावा लागतो. त्यांना नैतिक समितीची मंजुरी कोण देणार? २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीची केंद्राकडे नोंदणी लागते. वैद्यकीय महाविद्यालयात ती असते. तालुक्याच्या गावच्या डॉक्टरला तिचा दरवाजा कुठे हेच माहीत नसते. निधीचा अर्ज इंग्रजीत, वीस-पंचवीस पानांचा. त्यात आकडेशास्त्राचे एक प्रकरण असते, ते लिहून देणारा जाणकार जिल्ह्यात सापडत नाही. त्यामुळे निधी जिथे आधीच कारकून, संगणक आणि सल्लागार आहेत तिथेच जातो. पाणी उताराकडेच वाहते.

यातली एक गंमत सांगतो. १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. त्याच्या मंजूर पदांच्या यादीत मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका यांच्याबरोबर रुग्णनोंदी ठेवणाऱ्या सहाय्यकाचेही पद आहे. म्हणजे दिल्लीत बसून ज्याने कार्यक्रम आखला त्याला नोंदीचे महत्त्व कळले होते. हे पद दर जिल्ह्यात भरलेले ठेवा, त्या माणसाला दुसऱ्या टेबलावर पळवू नका, एवढेच केले तरी पाच वर्षांत आपल्या जिल्ह्याची स्वतःची माहिती हाती येईल. किती रुग्ण आले, किती दुसऱ्यांदा आलेच नाहीत, औषध कोणत्या महिन्यात सुटले, पोळ्यानंतर की दिवाळीनंतर. यासाठी अमेरिकेचा निधी लागत नाही. एक कारकून लागतो.

नोंदीचे महत्त्व सांगायला आपल्याच राज्यातले उदाहरण आहे. सर्पगंधा ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर उपयोगी पडते असे कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१ मध्ये लिहिले. फारसे कोणी ऐकले नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांना ती देत राहिले, मोजत राहिले, लिहीत राहिले आणि १९४९ मध्ये त्यांनी तो अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. मग जग जागे झाले. सर्पगंधेतून काढलेले रिसर्पिन पुढच्या दशकात जगभरच्या मनोरुग्णालयांत वापरले गेले. आज त्याहून चांगली औषधे आहेत, ती गोष्ट वेगळी. रोजचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरची नेटकी वही किती लांब जाते, एवढेच सांगायचे आहे.

काही सहकारी म्हणतात, "आधी उपचार तर पोचू द्या, संशोधन नंतर." त्यांच्यासाठी श्रीलंकेचे सांगतो. तिथे एके काळी आत्महत्यांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत गणले जाई. १९९५ ते २००५ या काळात ते निम्म्यावर आले. अभ्यासकांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की, युद्ध, बेकारी, दारू यांच्याशी ही घट जुळत नाही, अतिविषारी कीटकनाशकांवर घातलेल्या बंदीशी जुळते. नोंदी नसत्या तर घट झाली हे कळले असते, कशामुळे झाली हे कळले नसते. आपल्याकडे दर वर्षी काही ना काही उपाय होतात. पॅकेज येते, हेल्पलाइन येते, कीर्तनातून प्रबोधन होते. त्यातले काय लागू पडले, कोणी मोजले?

आशेला जागा आहे. अकोल्याला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीला १९८४ पासून पंजाबराव देशमुखांच्या नावाचे खासगी महाविद्यालय होते, २०२४ मध्ये शासकीयही सुरू झाले. एम.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. तो रुग्णालयात आयत्या मिळणाऱ्या शंभर रुग्णांवर लिहून, जाड पुठ्ठ्यात बांधून, ग्रंथालयाच्या कपाटात ठेवण्याची आपली परंपरा आहे. त्याऐवजी दर वर्षी दोन प्रबंध तालुक्यातल्या दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत व्हावेत. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना छोट्या संशोधनासाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषद १९७९ पासून विद्यावृत्ती देते. खेड्यातून आलेल्या मुलामुलींनी ती घेऊन आपल्याच गावची बोली, आपल्याच गावचे दुखणे लिहून काढावे. त्यांना दुभाष्या लागणार नाही.

आणि आम्ही जनरल प्रॅक्टिशनर? संशोधनातला अडथळा म्हणून सरकार, पैसा, अंधश्रद्धा यांची नावे घेणे सोपे आहे. या भागातला मनाचा रुग्ण आधी आमच्याकडे येतो, पोट घेऊन येतो, डोके घेऊन येतो. आम्हाला एमबीबीएसला मानसोपचाराची पाळी पंधरा दिवसांची होती आणि त्यातलेही निम्मे दिवस आम्ही कॅन्टीनमध्ये काढले. त्यामुळे आम्ही "गॅस" लिहितो आणि रुग्ण आकड्यांतून नाहीसा होतो. मानसोपचारतज्ज्ञ कितीही हुशार असला तरी आमच्या रजिस्टरवरून पुढे तो जाऊ शकत नाही.

त्या तरुण डॉक्टरांना मी गेल्या दिवाळीनंतर स्वतः फोन केला. त्यांनी मागचा विषय काढला नाही, हा त्यांचा मोठेपणा. दर मंगळवारी, म्हणजे गर्दी कमी असते त्या दिवशी, त्यांची एक मुलगी माझ्याकडे बसते. मी रुग्णांना सांगतो, "या ताई झोपेबद्दल दोन गोष्टी विचारतील, नाही सांगायचं तर नका सांगू." रुग्ण पळून जातील ही माझी भीती खोटी ठरली. उलट काही बाया उठतच नाहीत. ज्याला खरोखर त्रास आहे त्याची चिठ्ठी त्याच दिवशी लिहून देतो. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकाची पाटी दवाखान्याच्या दाराशी लावली आहे. वाचकांनीही हा क्रमांक घरात लिहून ठेवावा.

प्रश्नावलीतला पहिला प्रश्न मी खोडून "कामात जीव लागते का?" असा केला आहे. डॉक्टरसाहेबांना तो अजून पसंत नाही. ते म्हणतात, आधी पन्नास जणांवर तपासून पाहू. आतापर्यंत एकवीस झाले.